धोत्र्याची विस्मृती

नळदुर्ग-तुळजापूर भागात ठगांचा विषय निघाला की कोणीतरी धोत्र्याचे नाव घेतेच. वाटसरूला धोत्रा चारायचा, तो भ्रमिष्ट झाला की लुटायचा, हेच ठगांचे तंत्र अशी समजूत आमच्याकडे पक्की आहे. कागदपत्रे पाहू लागलो तेव्हा ती पहिल्यांदा बाजूला ठेवावी लागली. फिलिप मेडोज टेलर हा 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) या कादंबरीचा कर्ता. १८५३ साली निजामाने वऱ्हाडाबरोबर आमचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा हाच टेलर नळदुर्गचा कारभार पाहायला आला आणि १८५७ पर्यंत राहिला. त्याचा ठग रुमालाने गळा आवळतो. विष चारून लुटणारे निराळे होते. इंग्रजी दप्तरांत त्यांना 'धतुरिया' म्हटले आहे. फरक धंद्यातलाच होता. ठगाला साक्षीदार जिवंत राहून चालत नसे. धतुरियाचा साक्षीदार वाचला तरी फारसे बिघडत नसे, कारण मधल्या वेळेचे त्याला काही नीट आठवतच नसे.

या 'आठवत नसे'च्या मागे मी बरीच वर्षे आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा स्नेह होता. गोव्यात १५६३ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात एक हकिकत येते. दासीने मालकिणीला धोत्रा चारला, किल्ल्या व दागिने घेऊन पोबारा केला आणि बाई नुसती हसत राहिली. पुढे गोव्यात राहून गेलेला डच प्रवासी लिन्सखोटेन सांगतो, की धोत्रा दिलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांदेखत काहीही घडले तरी शुद्धीवर आल्यावर त्याला त्यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या वर्णनातली चवीची गॉसिप मी बाजूला ठेवतो, पण निरीक्षण अचूक आहे. माणूस जागा असतो आणि तरीही त्याच्या मनावर काही उमटत नाही.

हेच फूल आपण महाशिवरात्रीला महादेवाला वाहतो. बांधावर, उकिरड्यावर ते आपोआप उगवते. त्यातल्या ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन या द्रव्यांमुळे मेंदूतला एक निरोप्या दाराशीच अडतो. त्या निरोप्याचे नाव अ‍ॅसिटिलकोलीन. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये बाळंतिणींना मॉर्फिनबरोबर स्कोपोलामिन देत. कळा विसराव्यात हा हेतू. १९७४ मध्ये ड्रॅकमन आणि लेव्हिट या अमेरिकी संशोधकांनी तरुण स्वयंसेवकांना स्कोपोलामिन दिले, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती वृद्धांसारखी चुकू लागली. धतुरियाने वाटेवर जे केले, ते इथे मोजमाप घेऊन झाले. दोनच वर्षांनी अल्झायमरने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत हा निरोप्या तयार करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, फार कमी झालेले आढळले.

धोत्र्याचा उतारा मात्र त्याआधीच हाती आला होता. १८६४ साली प्रागमध्ये ॲट्रोपिन पिऊन बसलेल्या कैद्यांवर क्लाइनवेख्टर या डॉक्टरने आफ्रिकेतल्या कॅलाबार बीचा अर्क वापरला. या बीतले फायसोस्टिग्मिन निरोप्याचे तुकडे करणाऱ्या विकराला थोपवते. निरोप्या अधिक वेळ टिकतो आणि अडलेला निरोप काहीसा पोहोचतो. हीच युक्ती अल्झायमरला लावली गेली. १९९३ मध्ये अमेरिकेत टॅक्रिनला परवानगी मिळाली. ते यकृताला बाधे. १९९६ मध्ये जपानी कंपनीचे डोनेपेझिल आले. आज घरोघरच्या चिठ्ठ्यांवर दिसते ते हेच.

पण निरोप्या कमी का होतो? १९०६ मध्ये आलॉइस अल्झायमरने एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत पेशींबाहेर साचलेले थर दाखवले होते. त्यांतले प्रथिन, बीटा-अमायलॉइड, १९८४ मध्ये वेगळे काढले गेले. आणि १९९६ मध्ये, डोनेपेझिल बाजारात आले त्याच साली, चिलीतल्या इनेस्त्रोसा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की निरोप्याचे तुकडे करणारे ते विकरच अमायलॉइडचे तंतू लवकर जुळवते. गंमत अशी, की हे काम विकराच्या कापणाऱ्या खोबणीत होत नाही, तिच्या तोंडाशी असलेल्या दुसऱ्या जागेवर होते. खोबणी बंद करणाऱ्या औषधाने तंतू थांबले नाहीत. बाहेरची जागा अडवणाऱ्या प्रोपिडियमने थांबले. डोनेपेझिल दोन्ही जागांना भिडते, म्हणून मोठी आशा बांधली गेली. ती परीक्षानळीतच राहिली. रुग्णाला काही काळ थोडा आधार मिळतो, रोग पुढे सरकतच राहतो.

नंतर अमायलॉइड कापून वेगळे करणारी विकरेच रोखायचा प्रयत्न झाला. सेमागेसेस्टॅटची चाचणी २०१० मध्ये थांबवली, कारण औषध घेणाऱ्यांची अवस्था अधिक बिघडली. व्हेरुबेसेस्टॅटने मेंदूतले अमायलॉइड कमी केले, पण स्मृती वाचली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब विकर-रोधक नाही. ते साचलेले अमायलॉइड हटवते. दीड वर्षाच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाला. माझ्या मते हे यश खरे आहे, पण लहान आहे.

या इतिहासातली एक गोष्ट मात्र अजून आपल्या घरात आहे. डोनेपेझिलने काही म्हाताऱ्यांना लघवी आवरत नाही. मग दुसरा डॉक्टर ऑक्सिब्युटिनिन देतो. ते काम करते धोत्र्यासारखे: त्याच निरोप्याची वाट अडवते. सर्दी-खाजेच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांतही हा गुण कमीअधिक असतो. दोन चिठ्ठ्या दोन दवाखान्यांच्या, गोळ्यांचा डबा एकच. त्या डब्यात धोत्रा आणि त्याचा उतारा शेजारी शेजारी पडलेले असतात, आणि सकाळ-संध्याकाळ एकाच घोटाबरोबर घेतले जातात.