परतीचा परवाना

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं धर्मग्रामाच्या इतिहासाचें सिंहावलोकन करितांना आपण बहुधा देवळाची इमारत, शाळा आणि येथें सेवा करून गेलेले धर्मगुरू यांचें स्मरण करितों. परंतु ज्यांचा बाप्तिस्मा येथें झाला, ज्यांचे आईबाप येथील दफनभूमींत विसावले आहेत आणि जे स्वतः मात्र सातासमुद्रांपलीकडे राहतात, तेहि याच कुटुंबाचे घटक होत. उत्सवास वा अंत्यविधीस त्यांपैकीं कित्येक येतात, कित्येक येत नाहींत. न येणाऱ्याविषयीं गांवांत एक वाक्य सहज उच्चारिलें जातें : "परदेशीं गेला आणि घर विसरला." हें वाक्य पुष्कळदां किती अन्यायाचें असतें, तें इतिहासाच्या आधारें दाखवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

परक्या देशांत राहण्याची मोकळीक आणि तेथून बाहेर पडून पुन्हां आंत शिरण्याची मोकळीक या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणजे दुसरी आपोआप मिळते असें नाहीं. आणि कायम वास्तव्याचा अर्ज ज्याचा अद्याप विचाराधीन आहे, त्याची ही दुसरी मोकळीक सर्वांत दुबळी असते. हा भेद आजचा नव्हे.

खुद्द आपली वसई एके काळीं परवान्यांचें ठाणें होती, हें कित्येक वाचकांस ठाऊक नसेल. इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें तहान्वयें वसई पोर्तुगीजांस दिली. त्या तहांतील एका कलमाप्रमाणें गुजरातेंतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गलबतांनीं वसईस येऊन पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा व परततांना पुन्हां वसईसच येऊन जकात भरावी, असें ठरलें. या परवान्यास 'कार्ताज' म्हणत. कार्ताज जवळ नसलेलें गलबत भर समुद्रांत पकडलें जाई. सारांश, जाणें आणि परत येणें या दोहोंवर कागदाची सत्ता चालते, हा अनुभव आपल्या बंदरानें जवळजवळ पांचशे वर्षांपूर्वींच घेतला आहे.

याच वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र आपण भक्तिभावानें वाचतों. त्याची एक बाजू मात्र दुर्लक्षित राहते. कोवळ्या वयांत ते वसई सोडून जपानांत गेले, तेथील भाषा शिकले, पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु झाले आणि १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून पुन्हां जपानांत परतले. परदेशी धर्मोपदेशकांनीं देश सोडावा, असा हुकूम तेथील सत्ताधीश हिदेयोशी यानें १५८७ सालींच काढिला होता. फिलिपाइन्सच्या गव्हर्नराचे वकील म्हणून आलेल्या या मंडळीस राहूं दिलें गेलें तें केवळ सत्ताधीशाच्या मर्जीनें. ती मर्जी फिरली आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें सव्वीस जणांस क्रुसावर प्राण अर्पावे लागले. आजच्या अर्जदाराची त्यांच्या हौतात्म्याशीं तुलना करणें अर्थातच योग्य होणार नाहीं. तथापि मर्जीवर मिळालेलें वास्तव्य मर्जीबरोबर संपतें, ही गोष्ट त्या प्रसंगीं उघड झाली.

एकोणिसाव्या शतकांत मर्जीची जागा कायद्यानें घेतली. तेव्हां अमेरिकेंत चिनी मजुरांस प्रवेशबंदी झाली होती. परंतु जे आधींपासून तेथें राहत, त्यांनीं मायदेशीं जाण्यापूर्वीं दाखला घेतल्यास त्यांना परत येतां येई. चे चान पिंग नांवाचा एक मजूर १८७५ पासून सान फ्रान्सिस्को येथें राहत होता. १८८७ सालीं तो असा दाखला घेऊन चीनला गेला. पुढील वर्षीं तो परतीच्या बोटींत असतांनाच, १ ऑक्टोबर १८८८ रोजीं, ते सर्व दाखले रद्द करणारा कायदा झाला. आठवड्याभरांत बोट बंदरास लागली. परंतु त्यास उतरूं दिलें गेलें नाहीं. दाखला खरा होता, माणूस खरा होता. समुद्रावर असतांना बदलला तो कायदा. १८८९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानेंहि सरकारचाच अधिकार मान्य केला.

आपल्या देशबांधवांच्या वांट्यासहि असा प्रसंग आला. कॅनडा सरकारनें १९०८ सालीं असा नियम केला कीं, येणाऱ्यानें मायदेशाहून मध्यें न थांबतां थेट प्रवास केलेला असावा. हिंदुस्थानांतून तशी सोय जवळजवळ नव्हतीच. १९१४ च्या मे महिन्यांत 'कोमागाता मारू' ही बोट ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हरला पोहोंचली. दोन महिने ती बंदरांत अडकून पडली आणि अखेर २३ जुलै रोजीं तिला माघारीं फिरावें लागलें. ज्यांना उतरूं दिलें, त्यांत मुख्यत्वें जे पूर्वींच कॅनडाचे रहिवासी ठरले होते असे वीसेक जण होते. एकाच बोटींतील, एकाच प्रांतांतील माणसें. पण ज्याचें वास्तव्य आधींच सिद्ध झालें होतें, त्याला दार उघडलें आणि ज्याचें सिद्ध व्हावयाचें होतें, त्याला बंद राहिलें.

स्वतंत्र भारतानेंहि हाच भेद पाळला. फाळणीनंतर १९४८ च्या जुलैंत पश्चिम पाकिस्तानांतून येणाऱ्यांसाठीं परवाना सक्तीचा झाला. तात्पुरत्या भेटीचा परवाना वेगळा आणि कायम परत येण्याचा वेगळा. राज्यघटनेच्या सातव्या कलमानुसार, १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानांत स्थलांतरित झाला, तो पुनर्वसनाच्या किंवा कायम परतीच्या परवान्यावर परतला असेल तरच त्यास नागरिकत्व मिळूं शकत होतें. कराचींत त्या काळीं मराठी व गोमंतकीय कुटुंबें बरींच होतीं. तेव्हां या दोन परवान्यांतील अंतर आपल्या मुलखापासून दूर नव्हतें.

यानंतर काळ पालटला. १९६५ सालीं अमेरिकेनें वंश पाहून ठरविलेले जुने कोटे मोडले आणि १९६७ सालीं कॅनडानें शिक्षण, वय व भाषा यांवर गुण देण्याची पद्धत सुरू केली. त्याच १९६७ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला व लागलीच पासपोर्टाचा नवा कायदा झाला. येथून जाण्याचा मार्ग असा रुंद झाला, आणि केळी, भाजीपाला व फुलें पिकविणाऱ्या आपल्या वाड्यांतील मुलेंमुलीहि त्या मार्गानें गेलीं. परतीचा मार्ग मात्र प्रत्येक देशाच्या नियमांनीं आंखलेला राहिला.

ते नियम आज कसे आहेत, हें थोडक्यांत पाहूं. अमेरिकेंतच राहून ज्यानें कायम वास्तव्याचा अर्ज केला आहे, तो पूर्वपरवानगी न घेतां देशाबाहेर गेला तर सामान्यतः त्यानें अर्ज सोडून दिला असें मानतात; एच-१बीसारख्या कांहीं व्हिसांवरील नोकरदारांस यांतून सवलत आहे. ज्याला ग्रीन कार्ड मिळालें, त्यासहि एक वर्ष वा अधिक काळ बाहेर राहावयाचें असल्यास निघण्यापूर्वीं तेथेंच पुनःप्रवेशाच्या परवान्यासाठीं अर्ज करावा लागतो. ऑस्ट्रेलियांत अर्जाच्या काळांत सामान्यतः जो 'ब्रिजिंग' व्हिसा मिळतो, त्याच्या 'ए' प्रकारावर परत प्रवेश मिळत नाहीं. त्यासाठीं जाण्यापूर्वीं 'बी' प्रकार मागावा लागतो. कॅनडाच्या कायम रहिवाशानें दर पांच वर्षांत किमान ७३० दिवस तेथें राहिलें पाहिजे. ब्रिटनमध्यें कायम राहण्याची परवानगी मिळालेला मनुष्य सामान्यतः सलग दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास त्याची परवानगी संपते.

वाचकहो, आतां त्या मुलाच्या जागीं स्वतःस कल्पून पाहा. पांच-सात वर्षें नोकरी करून, कर भरून, बायकामुलांसह त्यानें अर्ज केला आहे. मध्यरात्रीं वसईहून दूरध्वनि येतो : वडील अत्यवस्थ आहेत. परवानगी हातीं नसतां तो निघाला, तर वडिलांचें दर्शन कदाचित् होईल, परंतु पत्नीची नोकरी, मुलांची शाळा आणि इतक्या वर्षांचे श्रम पणास लागतील. तो थांबला, तर जन्मभर हृदयांत शल्य राहील. दोहोंपैकीं कोणताहि निर्णय त्यानें घेतला, तरी घर विसरल्याचा आरोप त्यावर लागूं होत नाहीं.

यांतून दोन कर्तव्यें निघतात. परदेशीं असलेल्यांनीं अर्ज करितांच प्रवासाचे नियम जाणून घ्यावे, शक्य असल्यास परतीची परवानगी आधींच मागून ठेवावी, आणि तिकीट काढण्यापूर्वीं मित्राच्या ऐकीव सल्ल्यावर न विसंबतां जाणत्या वकिलास विचारावें. गांवांतील आईबापांनीं मुलाला काळजी नको म्हणून आपला आजार लपवूं नये. कित्येक देशांत निकडीच्या प्रसंगीं लवकर परवानगी मागतां येते. परंतु तिला डॉक्टरांच्या पत्राचा व दाखल्यांचा आधार लागतो, आणि तीं कागदपत्रें येथूनच वेळेवर जावीं लागतात.

आणि आपल्या धर्मग्रामाचें कर्तव्य? अंत्यविधीस जो पोहोंचूं शकला नाहीं, तो कागद हातीं पडल्यावर सहा महिन्यांनीं वा दोन वर्षांनीं येईल. तेव्हां त्याच्या आईबापांसाठीं मिस्सा व्हावी, शेजाऱ्यांनीं त्याच्यासह कबरीपर्यंत जावें, आणि इतके दिवस कोठें होतास, हा प्रश्न कोणीं विचारूं नये. त्याचें उत्तर वर आलेंच आहे.