'नैतिक वेड' : एका शब्दाचा इतिहास

'विकृत' हा शब्द वर्गात आणि ग्रंथपरीक्षणांत किती सहज उच्चारला जातो, हे आपण सारेच जाणतो. इयागो विकृत, अमुक कादंबरीचा नायक विकृत; एकदा शब्द उच्चारला की पात्राविषयीचे प्रश्नच संपतात. मात्र ज्या मनोवैद्यकाच्या भरवशावर आपण हा शब्द वापरतो, तेथे गेली दोनशे वर्षे त्यामागील संकल्पना स्थिरावलेली नाही.

फिलिप पिनेल या फ्रेंच वैद्याने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका सधन माणसाची हकीकत आहे. दुबळ्या मनाच्या आईने लाडावलेला हा एकुलता मुलगा. आपल्या मालमत्तेची व्यवस्था तो चोख पाही, गरिबांना मदतही करी. पण संतापला की घोडा, कुत्रा, माणूस असा भेद उरत नसे. अखेरीस अपशब्द बोलणाऱ्या एका स्त्रीला त्याने विहिरीत लोटले आणि त्याची रवानगी बिसेत्रच्या रुग्णालयात झाली. बुद्धी शाबूत, भ्रम नाही, तरीही हे वर्तन! वेड म्हणजे बुद्धीचा भ्रंश, या रूढ समजुतीला त्यामुळे धक्का बसला. पिनेलने या अवस्थेला 'भ्रमाविना उन्माद' म्हटले.

ब्रिस्टलच्या जेम्स प्रिचर्ड याने १८३५ मध्ये 'मॉरल इन्सॅनिटी' ही संज्ञा रूढ केली, आणि खरा घोटाळा येथूनच सुरू झाला असे आम्हांला वाटते. मराठीत आपण तिला 'नैतिक वेड' म्हणून मोकळे होऊ. पण प्रिचर्डच्या इंग्रजीत 'मॉरल' हा 'बौद्धिक' या शब्दाचा प्रतियोगी होता. भावना, स्वभाव, प्रवृत्ती यांच्याशी निगडित ते 'मॉरल'. म्हणूनच त्याच्या वर्गात विषण्ण, खिन्न माणसेही सामावतात. त्यांनी कोणाचे काही बिघडवलेले नसते. पुढच्या पिढीने मात्र शब्दाचा नवा अर्थ जुन्या संज्ञेत वाचला. हेन्री मॉड्स्ली याने १८७४ मध्ये काही माणसांना नीतीची जाणीवच जन्मतः नसते असे सांगून त्यांची तुलना रंगांधांशी केली. भावनेच्या आजाराचे असे नीतीच्या अभावात रूपांतर झाले. भाषेच्या अभ्यासकांनी हे प्रकरण अवश्य पाहावे.

जर्मनीत कोखने १८९१ पासून 'सायकोपॅथिक' हे विशेषण प्रचारात आणले. पुढे कुर्ट श्नायडरने (१९२३) दोन शक्यता एकाच व्याख्येत बसवल्या : आपल्या स्वभाववैचित्र्याने जो स्वतः सोसतो, किंवा ज्याच्यामुळे समाजाला सोसावे लागते. हा 'किंवा' फार मोलाचा होता. तो टिकला नाही.

तो गळाला तो हर्वी क्लेक्ली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाच्या 'द मास्क ऑफ सॅनिटी' (१९४१) या ग्रंथाच्या प्रभावामुळे. त्याचे रुग्ण बहुतांशी खुनी नव्हेत. गोडबोले, थापाडे, न वटणारे चेक देणारे, पश्चात्तापाचा सुंदर अभिनय करून पुन्हा तेच करणारे. क्लेक्लीला साहित्याची आणि इतिहासाची ओढ होती. अथेन्सच्या अल्किबियाडीसलाही त्याने या चौकटीत पाहिले. (आपणच वैद्यकाकडून उसने घेतो असे नाही!) रॉबर्ट हेअरने पुढे कॅनडातील कैद्यांच्या अभ्यासातून तपासणी-यादी तयार केली, १९९१ च्या तिच्या सुधारित आवृत्तीत मुद्दे वीस आणि कमाल गुण चाळीस. दरम्यान अमेरिकन मनोविकार संघटनेने १९८० च्या सूचीत 'समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार' प्रामुख्याने वर्तनावर बेतला : खोटेपणा, कायदेभंग, बेजबाबदारी. परिणामी या सूचीत बसणारे कैदी पुष्कळ, पण हेअरच्या कसोटीला उतरणारे त्यांतले थोडेच. दोन्ही निदाने एकच, हा समज म्हणूनच चुकीचा.

कायद्याचा प्रश्न आणखी निराळा. भारतीय दंडसंहितेचे कलम ८४, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या न्यायसंहितेचे कलम २२, एवढेच विचारते : मनोविकलतेमुळे आरोपीला कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे वा बेकायदा आहे हे, कळण्याची क्षमता नव्हती काय? क्लेक्लीच्या माणसाला ते पुरते कळते. त्याला कशाचे काही वाटत नाही. पण 'वाटणे' कलमात नाही.

मराठीची अडचण अशी की 'मनोविकृती' हा शब्द पाठ्यपुस्तकांत वास्तवाशी नाते तुटलेल्या आजारासाठी येतो आणि वृत्तपत्रांत कोणत्याही क्रौर्यासाठी. १९६८ साली मुंबईत पकडल्या गेलेल्या रमण राघवला डॉक्टरांनी छिन्नमनस्कतेचे निदान केले होते. त्याची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली ती याच आजारामुळे. बोलण्यात मात्र तो आणि क्लेक्लीचा तो गोडबोल्या, दोघेही आपल्याकडे 'सायको'च.