पावसाची अनिश्चितता आणि कर्जाचा बाजार : १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचा पुनर्विचार

प्रस्तावना

हवामानातील बदलामुळे बँका, विमा कंपन्या व रोखेबाजार यांवर येणारी जोखीम हा एकविसाव्या शतकातील अर्थशास्त्राचा महत्त्वाचा विषय मानला जातो. बँक ऑफ इंग्लंडचे तत्कालीन गव्हर्नर मार्क कार्नी यांच्या २०१५ च्या लंडनमधील भाषणानंतर या चर्चेला गती मिळाली. भारतीय रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये या विषयावर चर्चापत्र प्रसिद्ध केले. तथापि, निसर्गाच्या लहरीचा आर्थिक भार नेमका कोणी सोसावयाचा, हा या चर्चेच्या मुळाशी असलेला प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. दख्खनच्या पठारावर तो एकोणिसाव्या शतकातच उग्र स्वरूपात उभा राहिला होता. प्रस्तुत लेखात १८७५ च्या दंग्यांचा या दृष्टीने विचार केला आहे.

निश्चित सारा, अनिश्चित पाऊस

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), सोलापूर व सातारा या जिल्ह्यांचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. या प्रदेशात १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी रयतवारीची नवी पाहणी सुरू केली. जमिनीचा कस पाहून तीस वर्षांसाठी रोख रकमेत सारा ठरविण्यात आला. बऱ्या-वाईट वर्षांची सरासरी धरून ठरविलेला हा सारा सौम्य आहे, असे सरकारचे म्हणणे होते. परंतु सरासरीचा हिशेब कागदावर जुळला, तरी शेतकऱ्याला वाईट वर्षाचा हप्ता वाईट वर्षीच भरावा लागे. चांगल्या वर्षाची शिल्लक त्याच्या हाती क्वचितच उरे. ही फट सावकाराच्या कर्जाने भरून निघे. अशा रीतीने पावसाची जोखीम शासनाच्या तिजोरीतून शेतकऱ्याकडे आणि तेथून कर्जरोख्यात उतरली.

लिव्हरपूल ते सुपे

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडला होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला आणि मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव मिळाला. मुंबईत शेअर्सच्या सट्ट्याला ऊत आला, तर खेड्यांतून कर्ज सहज मिळू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. मुंबईतील अनेक कंपन्या बुडाल्या आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली. ग्रामीण भागातील पतही आटली. याच सुमारास, १८६७ पासून, इंदापूर तालुक्यात फेरआकारणी होऊन सारा पन्नास टक्क्यांहून अधिक वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरविली होती. ऋणकोच्या हिताची ही तरतूद व्यवहारात उलटली. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उद्रेक झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा रोखे, गहाणखते व हुकूमनामे यांच्यावर होता. कागद हाती येताच ते जाळण्यात आले. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या दंग्यांचे महत्त्व अतिरंजित असल्याचे मत मांडले. दंग्यांची व्याप्ती मर्यादित होती, हे मान्य करावे लागते. परंतु कोणती वस्तू जाळली गेली, याचा अर्थ त्यामुळे बदलत नाही.

कायद्याचे उपाय व त्यांच्या मर्यादा

१८७६–७८ च्या भीषण दुष्काळाने या प्रश्नाची निकड अधोरेखित केली. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला व कर्जापायी होणाऱ्या कैदेपासून शेतकऱ्याला संरक्षण दिले. मात्र सावकाराची जोखीम वाढली असता त्याने कर्ज आखडते घेतले, किंवा गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेतले. शासनाने १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाईची सोय केली. परंतु सावकारी पतीच्या तुलनेत तगाईची रक्कम अल्पच राहिली. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी सुचविलेली शेतकी बँकेची योजना भारत सरकारने उचलून धरली, तरी लंडनमधील भारतमंत्र्यांनी ती नाकारली. सहकारी पतसंस्थांचा कायदा होण्यास १९०४ साल उजाडले.

या सर्व उपायांत कर्जाच्या अटींचा विचार झाला. मूळ जोखमीचा विचार प्रथम सुस्पष्टपणे मांडला, तो म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी. १९२० मधील आपल्या ग्रंथात त्यांनी पर्जन्यमापकावरील नोंदींच्या आधारे भरपाई देणाऱ्या पाऊस-विम्याची योजना सुचविली. हवामान निर्देशांकावर आधारित आधुनिक पीकविम्याची ही पूर्वसूरीच होय.

समारोप

दख्खनच्या अनुभवावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, हवामानाची जोखीम करारात लिहिली नाही म्हणून नाहीशी होत नाही. ती सर्वांत दुर्बल पक्षाकडे सरकते आणि थकबाकी, जप्ती वा दंगा या रूपाने परत येते. दुसरा, जोखीम उचलणारी पर्यायी संस्था उभी न करता केवळ धनकोवर निर्बंध घातल्यास पतपुरवठाच आटतो. आज बँकांना आपल्या कर्जखात्यांतील हवामान-जोखीम मोजण्यास सांगितले जात आहे. ते योग्यच आहे. परंतु मोजलेल्या जोखमीचा परिणाम अवर्षणप्रवण तालुक्यांना कर्ज नाकारण्यात झाला, तर १८७९ नंतरचाच इतिहास नव्या परिभाषेत पुन्हा घडेल. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये प्रथमच हरित रोखे विक्रीस काढले. अशा निधीचे यशही अखेर याच कसोटीवर तपासावे लागेल, की पाऊस न पडल्यास त्याची किंमत कोण मोजतो.