मुळाची चव : मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची वाटचाल

बुऱ्हाणपुरात दारूचा विषय निघाला की शहजादा दानियाल आठवतोच. अकबराचा हा धाकटा मुलगा दख्खनच्या कारभारावर इथं होता. पिणं आवरेना म्हणून बापाच्या हुकमानं खानखानान अब्दुर्रहीमनं त्याच्यावर पहारा बसवला. तेव्हा या पठ्ठ्यानं आपल्या लाडक्या बंदुकीच्या नळीतून दारू आणवली. नळीतला गंज आणि बारुदीची काजळी त्या कडक अर्कात विरघळली, आणि १६०५ साली तो बुऱ्हाणपुरातच मेला. जहांगीरनं आपल्या आठवणींत हे सगळं लिहून ठेवलंय. वाइन चाखताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पेल्यात काय उतरतं, ते नळीवर ठरतं. आणि द्राक्षवेलीची नळी म्हणजे तिचा खुंट, ज्याच्या मुळावर तिचं कलम बांधतात तो.

बुऱ्हाणपूरजवळच्या शाहपूर-इच्छापूरच्या शिवारात द्राक्षाचा मांडव शोधून सापडायचा नाही. तापीकाठच्या या पट्ट्यात केळीचं राज्य आहे, आणि केळीला खुंटाची भानगड नाही. कंद नाहीतर टिश्यू कल्चरचं रोप लावलं की झालं. द्राक्षाचं तसं नाही. जमिनीखाली एक झाड आणि वर दुसरंच, असा हा संसार असतो. तो कसा जुळवायचा आणि त्यातून चव कशी निघते, याचा शोध ज्या संस्थेत चाललाय ती पुण्याजवळ मांजरीला आहे : भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. १९९७च्या जानेवारीत ते सुरू झालं.

केंद्राच्या आधीही द्राक्ष होतंच. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला राहिला आणि तिथं द्राक्षं-डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात असं लिहून गेला. आजही आपला बागायतदार वेल दोनदा छाटतो, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. पीक मात्र एकच घेतो. इंग्रजी अमदानीत पुण्याच्या गणेशखिंडीच्या फळबागेत डॉ. चीमा यांनी निवडलेलं ‘चीमा साहेबी’ आलं, पुढं नाशिक-सांगलीत थॉम्पसन सीडलेस रुजलं, आणि बोरगावचे वसंतराव आर्वे, नान्नजचे नानासाहेब काळे यांच्यासारख्या शेतकऱ्यांनी आपापल्या बागेतून ‘तास-ए-गणेश’, ‘सोनाका’ हे वाण निवडून काढले. द्राक्ष बागायतदार संघाचं बिऱ्हाडही मांजरीलाच. संघाचं ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक आजही बागायतदाराच्या ओसरीवर दिसतं. थोडक्यात, सरकारी केंद्र आलं तेव्हा शेतकरी हात जोडून उभा नव्हता; तो दोन पावलं पुढंच होता. या संस्थेची वाटचाल वाचताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

तोवर वेल बहुतेक स्वतःच्या मुळावरच असे. काडी लावायची, ती फुटायची, बाग उभी राहायची. पण विहिरी खोल गेल्या, पाणी खारट झालं, सोलापूर-सांगलीकडच्या बागांत पानांच्या कडा करपू लागल्या. थॉम्पसनचं मूळ क्षारांपुढं टिकेना. मग खुंट आला.

जगात खुंटाची गरज पडली ती वेगळ्या कारणानं. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या, मुळं खाणाऱ्या किडीनं फ्रान्सच्या बागा वाळवून टाकल्या. अमेरिकेतल्या रानद्राक्षांची मुळं त्या किडीला सरावलेली होती. त्यांच्यावर युरोपी वेलीचं कलम बांधलं आणि युरोपची वाइन वाचली. त्या कामी टेक्ससचा टी. व्ही. मन्सन हा रोपवाटिकावाला इतका उपयोगी पडला की १८८८ साली फ्रान्स सरकारनं त्याचा सन्मान केला. आपल्याकडं काश्मीरच्या महाराजांच्या द्राक्षबागा त्याच सुमारास या किडीनं गेल्या. महाराष्ट्रात मात्र तिचा उपद्रव नाही. इथं खुंट लावला तो दुष्काळ आणि खारं पाणी यांच्यासाठी. आणि जो लावला तोही मूळचा टेक्ससचाच : तिथल्या एका टेकाडावरून नाव पडलेला डॉगरीज.

नाशिक-सांगलीत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेलात तर कलमं बांधणाऱ्या टोळ्या दिसतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेल्या डॉगरीजची काडी एव्हाना पेन्सिलीच्या जाडीची झालेली असते. कारागीर ती आडवी छाटतो, मधोमध चिरतो, दोन डोळ्यांची डोळकाडी दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखी करतो आणि त्या चिरेत बसवतो. सालीला साल भिडली पाहिजे, निदान एका बाजूनं तरी. मग प्लॅस्टिकची पट्टी करकचून गुंडाळायची. हे सगळं उकिडवं बसून, पावसाच्या उघडिपीत, झाडामागून झाड. टोळीतल्या जुन्या हाताचं बांधलेलं कलम आणि शिकाऊचं कलम पुढं मांडवावर गेलं तरी ओळखू येतं.

केंद्राच्या उभारणीच्या वेळी हा डॉगरीज सर्वत्र पसरत होता. पहिले संचालक डॉ. एस. डी. शिखामणी यांच्या काळात जगभरचे वाण आणि खुंट गोळा करून मांजरीच्या प्रक्षेत्रावर लावणं हे पहिलं काम ठरलं. त्यात ११०आर, ११०३ पॉल्सन, १४० रुगेरी, एसओ-४ अशी युरोपात नावाजलेली मंडळी होती. तोवर प्रश्न खाण्याच्या द्राक्षाचाच होता : बाग जगते का, मणी फुगतो का, घड निर्यातीला चालतो का. चवीचा प्रश्न म्हणाल तर ‘गोड आहे ना?’ एवढ्यावर मिटायचा.

वाइननं तो प्रश्न अवघड केला. नारायणगावात शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात शातो इंदाज ही वायनरी उभी करून फसफसती वाइन परदेशी पाठवली होती. पिंपळगाव बसवंतच्या पिंपेननंही तोच घाट घातला होता. नव्वदीच्या अखेरीस राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळ सुला सुरू केली आणि २००० साली त्यांची पहिली सोव्हिन्यों ब्लां आणि शेनां ब्लां बाटलीत आली. २००१ साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले, करात सवलत दिली. नाशिकात कॅबर्ने, शिराझ हे वाइनचे वाण लावायची झुंबड उडाली. धोरणात जागा, वीज, कर सगळं होतं. वेल कोणत्या मुळावर लावायची याची चर्चा मात्र खाण्याच्या द्राक्षाच्या सवयीनंच मिटली. डॉगरीज होताच, त्याच्यावरच वाइनच्या वेली चढल्या.

आता पेल्याकडं येऊ. एकाच बागेतलं, एकाच दिवशी खुडलेलं कॅबर्ने दोन खुंटांवरचं घ्या, एक डॉगरीजवरचं, दुसरं ११०आरवरचं. पेला तिरका धरून पांढऱ्या कागदावर रंग बघा. डॉगरीजच्या वाइनमध्ये लाल जाऊन निळसर-मळकट छटा येऊ शकते. पेला फिरवून हुंगा : ढोबळी मिरचीचा हिरवा वास पुढं, जांभळाचा मागं. घोट घ्या : जिभेच्या कडांना झिणझिणवणारी आंबटाई कमी, घोट बेचव, सपाट. दुसऱ्या पेल्यात तेच कॅबर्ने ताठ उभं राहतं, तुरटपणा हिरड्यांवर रेंगाळतो, रंगही तजेलदार. हा फरक दरवेळी इतका ढळढळीत नसतो. तोडणी आणि उत्पादन सांभाळलं तर डॉगरीजवरही बरी वाइन होते. पण कल असा असतो, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण पालाशचं, म्हणजे पोटॅशियमचं. डॉगरीज जमिनीतून पालाश भरपूर ओढतो. तो मण्यात साठला की टार्टारिक आम्लाशी जुळून क्षार होतो, खाली बसतो, आणि रसाचा सामू (पीएच) चढतो. लाल वाइनचा सामू ३.४ ते ३.६च्या दरम्यान असला तर बरं, ३.८च्या वर गेला की रंग निवतो, जंतू मातू लागतात आणि वाइन टिकवायला लागणारा सल्फर डायऑक्साइड दुपटीहून जास्त घालावा लागतो. सामू चढल्यावर वरून आम्ल घालून वाइन सावरता येते, सगळे घालतात; पण ते घातलेलं आम्ल जिभेला कळतं.

दुसरं कारण जोमाचं. डॉगरीज वेलीला दामटून वाढवतो. पानोरा दाट होतो, घड सावलीत राहतात. ढोबळी मिरचीचा जो वास म्हटला तो देणारे पायराझिन नावाचे पदार्थ उन्हानं कमी होतात. सावलीत ते टिकून राहतात, आणि सालीत रंगही नीट भरत नाही. म्हणजे मुळानं चव दिली नाही, त्यानं पानं दिली, पानांनी सावली दिली आणि सावलीनं चव बिघडवली.

इथं एक गैरसमज फार ऐकू येतो : खुंट अमेरिकन, म्हणून त्याचा रानटी वास वरच्या फळात येतो. येत नाही. बंगळुरू ब्लूच्या रसाला जो उग्र गोडसर वास असतो तो त्या वेलीच्या स्वतःच्या अमेरिकन रक्ताचा. खुंट वर पाठवतो ते पाणी, क्षार आणि वाढीचे संकेत. वाण आपला वासाचा कारखाना स्वतःच चालवतो. खुंट फक्त कच्चा माल आणि कामाचा वेग ठरवतो. गंजक्या नळीची गोष्ट द्राक्षाला लागू पडते ती इतपतच.

मांजरीच्या शास्त्रज्ञांनी, त्यांत पुढं संचालकपद सांभाळलेले डॉ. आर. जी. सोमकुवरही आले, वर्षानुवर्षं हेच मोजलं : कुठला वाण कुठल्या खुंटावर किती वाढतो, किती घड देतो, मण्यात काय भरतं आणि त्या रसाची वाइन कशी होते. काम चिकाटीचं. खुंट लावा, कलम बांधा, वेल फळायची वाट बघा, मग एकदोन हंगामांवर भरवसा नाही म्हणून आणखी काही हंगाम, मग वाइन मुरू द्या. एका प्रश्नाचं उत्तर यायला सात-आठ वर्षं सहज जातात, आणि तोवर बाजारानं प्रश्न बदललेला असतो. तरी वाइनच्या बागांत ११०आर आणि त्याच्यासारखे आवरत्या वाढीचे खुंट हळूहळू शिरले, त्यामागं हे काम आहे. जमिनीच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट निघाली. डॉगरीज क्लोराइड अडवतो म्हणून आणला. पण खाऱ्या पाण्यावर वर्षं सरली की पानांत सोडियम साचतो आणि पानं काळवंडतात. ११०आर सोडियम त्यापेक्षा चांगला रोखतो.

वाटचालीतला सगळ्यात गाजलेला टप्पा मात्र चवीचा नाही, औषधांच्या अंशांचा. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि निर्यातदारांचं धाबं दणाणलं. मांजरीच्या प्रयोगशाळेकडं देशाची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा म्हणून जबाबदारी आली, तपासणीची सगळी शिस्त तिथून लागली. आज केंद्राचं नाव परदेशात निघतं ते बहुतेक या कामामुळं, आणि डॉ. कौशिक बॅनर्जी त्याच कामातून संचालकपदावर आले. तरी २०१०ला पुन्हा ठेच लागली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळं. तपासायच्या यादीतच ते नव्हतं. हे औषध कशासाठी मारतात? खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून डोळ्यांत घड धरावा म्हणून. म्हणजे जोम आवरायला. खुंटानं दिलेला जोम फवाऱ्यानं काढून घ्यायचा, हा उद्योग मला तरी मुळावरच्या दुखण्याला वरून मलम लावण्यासारखा वाटतो. केंद्राच्या अहवालांत खुंटाची आणि अंशांची प्रकरणं वेगवेगळ्या पानांवर येतात. बागेत ती एकाच वेलीवर असतात.

वाइनचा फुगा तोवर बसलाच होता. २००८ची मंदी, मुंबईवरचा हल्ला, ओस पडलेली हॉटेलं. पुढं इंदाज बुडाली. वाइनची द्राक्षं घ्यायला कुणी येईना, तेव्हा काहींनी वेली उपटल्या, काहींनी करवतीनं डोकं उडवून त्याच खुंटावर खाण्याचा वाण चढवला. खुंटाचा हा एक फायदा म्हणायचा : भाडेकरू बदलला तरी घर तेच ठेवता येतं. २०२२च्या जानेवारीत महाराष्ट्रात सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि पुन्हा सगळी चर्चा दुकानाच्या फळीवर अडकली.

केंद्रानं स्वतःचे वाणही काढले. ‘मांजरी मेडिका’ हा त्यांतला मला आवडणारा. पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांचा संकर. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढरा असतो, याचा गरही लाल; चिरलं की बोटं रंगतात. रसासाठी तो केलाय, आणि चोथ्यातूनही रंग निघतो. पुण्याच्या आघारकर संस्थेनं बारामतीजवळच्या होळच्या प्रक्षेत्रावर घडवलेला एआरआय-५१६ त्याच बिरादरीतला, रस-वाइन दोन्हींना चालणारा.

खानदेशात किंवा आमच्या शाहपूरकडं कुणाला हौस आलीच, तर वाण निवडण्याआधी माती आणि विहिरीचं पाणी तपासून घ्यावं : सोडियम, क्लोराइड आणि मुक्त चुनखडी. तापीकाठच्या काळ्या मातीत चुनखडी बऱ्याच ठिकाणी निघते. तिथं १४० रुगेरीसारखा बर्लांडिएरी कुळातला खुंट जास्त सोसतो. वाइनच करायची तर ११०आरचा विचार व्हावा. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसला भिडतो, म्हणजे खरड छाटणीनंतरची कोवळी फूट ऐन उन्हात सापडणार. तेव्हा पहिल्या वर्षी चार ओळीच लावाव्यात, दोन खुंटांवर दोन-दोन, आणि पाणी एकाच ठिबकवरून द्यावं.