बापाला वेळ कोण देणार?

परवा एका शाळेत खास बाबांसाठी पालकसभा होती. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "बापांना पोरांची पडलेलीच नसते." तेव्हापासून डोक्यात गिरणगाव घोळतंय.

१९०४ च्या सुमारास निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ मुलांना घेऊन परळच्या डबक चाळीत राहायला आले. खोली एकच. स्वयंपाक, झोप, अभ्यास, सगळं तिथंच. रामजीबाबा भीमरावांना लवकर झोपवायचे आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवायचे. पुस्तकांसाठी लग्न झालेल्या लेकींचे दागिने मागून गहाण ठेवायचे. बाप असावा तर असा, हे आपण दर जयंतीला सांगतो. एक गोष्ट मात्र राहून जाते. रामजीबाबांना लष्कराची पेन्शन होती. गिरणीचा भोंगा त्यांच्यासाठी वाजत नव्हता.

ज्यांच्यासाठी वाजत होता, त्यांचं काय? त्याच काळात गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचे तास आणखी लांबले. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस १२ तासांवर आणला, आणि ही सुधारणा होती बरं का! एवढा वेळ साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री दोनला पोराला काय उठवणार? शिवाय कित्येकांची बायकापोरं कोकणात नाहीतर घाटावर. त्या पोरांना बाप म्हणजे मनिऑर्डर.

पुढे १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकाची बाजू मांडली. १९२९ ला कायदा झाला. आईच्या वेळेचा प्रश्न तेव्हा निदान कायद्यात आला. बापाचा आलाच नाही.

माझे वडील लालबागला खानावळीत जेवायचे, आम्ही गावी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि वडील घरी आले. त्या वर्षी मी त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली. घरात पैसा नव्हता, पण बाप होता. त्या वर्षाचा विषय निघाला की आई आजही गप्प होते. मला मात्र ते वर्ष आवडतं, आणि आवडतं म्हणायची लाज वाटते.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १९९७ पासून पहिल्या दोन मुलांच्या वेळी १५ दिवस पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापासाठी देशभर लागू असा कायदा अजून नाही. २०१७ मध्ये आपल्या हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी तसं खासगी विधेयक आणलं होतं, ते मंजूर झालं नाही.

बापांना शहाणपण जरूर शिकवा. त्याआधी रजा द्या. आणि तोवर शाळांनी निदान एवढं करावं, सभा बुधवारी सकाळी ११ ला न ठेवता रविवारी ठेवावी. मग मोजू खुर्च्या.

तुमच्या घरात बाप किती वाजता यायचा? लिहा.