सच्छिद्र सिलिका उत्प्रेरक

नियमित आकाराची सूक्ष्म छिद्रे असलेल्या सिलिकेवर अम्ल, क्षारक किंवा धातूची क्रियाशील केंद्रे बसवून केलेले घन उत्प्रेरक. कार्बनी अभिक्रिया द्रवात होत असताना ते विरघळत नाहीत. त्यामुळे गाळून, धुऊन व वाळवून पुन्हा वापरता येतात. सल्फ्यूरिक अम्लासारखा विरघळणारा उत्प्रेरक मात्र शेवटी उदासीन करावा लागतो आणि क्षारयुक्त सांडपाणी उरते.

रचना : अमेरिकेतील मोबिल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ मध्ये एमसीएम-४१ हा पदार्थ प्रसिद्ध केला. पृष्ठक्रियाकारकाच्या नळीसारख्या पुंजक्यांभोवती सिलिका जमवून तो सुमारे ५५० °से. तापमानाला भाजतात. पुंजके जळून जातात आणि पोळ्यासारखी षट्‌कोनी छिद्ररचना उरते. एका ग्रॅमचे पृष्ठक्षेत्रफळ सुमारे १,००० चौ. मी. भरते. त्याच्या भिंती पातळ असल्याने गरम पाण्यात रचना ढासळते. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९८ मध्ये तयार झालेल्या एसबीए-१५ च्या भिंती ३ ते ६ नॅनोमीटर जाड व म्हणून अधिक टिकाऊ असतात.

रूपांतर : शुद्ध सिलिका बहुतांश अभिक्रियांत निष्क्रिय असते, तिच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गट मात्र सिलेन संयुगांशी बंध जोडतात. अशा रीतीने बसवलेला अमिनोप्रोपिल गट क्षारक ठरतो व नोवेनागेल संघननास उपयोगी पडतो. थायॉल गटाचे हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडीकरण केल्यास सल्फॉनिक अम्ल गट मिळतो. तो एस्टरीकरण घडवतो. भिंतीतील टायटॅनियम अल्कीनांचे इपॉक्साइडीकरण करते, तर पॅलेडियमचे कण सुझुकी व हेक अभिक्रियांत वापरतात.

पुनर्वापराच्या मर्यादा : छिद्रांत अडकलेली उपउत्पादने भाजून काढता येतात, पण त्या उष्णतेत अमिनोप्रोपिलसारखे कार्बनी गटही जळतात; म्हणून असे उत्प्रेरक द्रावकाने धुवावे लागतात. तीव्र अल्कलीत सिलिकाच विरघळते. धातू सुटतो का, हे पाहण्यासाठी अभिक्रिया अर्धवट असताना मिश्रण गरमच गाळतात; गाळलेल्या द्रवात ती पुढे चालू राहिल्यास विरघळलेला धातूच काम करीत असतो. पॅलेडियम सुटून पुन्हा आधारावर बसू शकत असल्याने या चाचणीच्या जोडीला द्रवातील धातूही मोजतात. प्रत्येक फेरीत केवळ अंतिम उत्पादन मोजल्यास क्षीण झालेला उत्प्रेरकही चांगला भासतो; म्हणून सुरुवातीचा अभिक्रियावेग हा पुनर्वापराचा अधिक विश्वसनीय निकष ठरतो.