शिंगणापूर आणि पिनांचे कुलूप

१४. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापुरात घरांना कडीकुलूप न लावण्याची प्रथा आहे. चोराला शनिदेव शासन करतो, ही त्यामागची श्रद्धा. युको बँकेने २०११ च्या जानेवारीत येथे शाखा काढली, ती दर्शनी दाराला कुलूप नसल्यामुळेच देशभर गाजली.

लेखकाने तुलनेसाठी घेतलेले पिनांचे कुलूप अमेरिकेच्या लायनस येल (धाकटे) यांनी १८६० च्या दशकात आजच्या रूपात आणले. त्याचे लाकडी पूर्वज प्राचीन इजिप्तमधले. यात प्रत्येक पिनेचे दोन तुकडे असतात. योग्य चावीने सगळ्या जोड्यांच्या फटी एका रेषेत येतात आणि नळी फिरते. चावी हरवल्यास एकेक पिन चाचपून उचलणे ही सर्वपरिचित रीत. दातेरी पट्टी झरझर फिरवणे किंवा खास चावीला ठोका देऊन पिना क्षणभर उडवणे, हे इतर मार्ग. माझ्या मते खरे कसब कोऱ्या चावीवर पिनांचे वळ उमटवून ती कानशीने घासत नेण्यात आहे. त्याला नजर लागते, संयम लागतो, आणि कुलूप न बिघडता मालकाच्या हाती नवी चावी पडते. बाजारातल्या चावीवाल्याच्या या विद्येला चोरीची कला म्हणणे अन्यायाचे आहे. म्हणून मूळ मजकुरातला ‘चोरकसब’ हा शब्द येथे लेखकाच्या संमतीने बदलला आहे. — संपादक